सोसण्याचा नाद

लांबच्या रायडिंगमध्ये आराम शोधणारा माणूस मला बरीच वर्षं कच्चा वाटायचा. सीटवर जेलची गादी टाकणारा, कानात बोळे घालणारा, दर तासाला गाडी बाजूला घेऊन कंबर मोकळी करणारा असा कुणी बरोबर आला, की आम्ही हेल्मेटच्या आत हसायचो. ‘एवढंच आहे तर मोटार घे की,’ हे आमच्या कंपूतलं ठरलेलं वाक्य, आणि ते सगळ्यात जास्त वेळा माझ्याच तोंडून निघालेलं आहे. आता थोड्याफार फरकानं या तिन्ही गोष्टी मी करतो. जुने भिडू त्यावरून टोमणे मारतात. चहाच्या गाड्यावर उभ्याउभ्या दिलेलं उत्तर त्यांना पटत नाही, म्हणून हे जरा सविस्तर.

ते मत बनलं कसं हे आधी सांगतो, कारण ते अगदीच हवेत नव्हतं. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे सोसण्याला किंमत आहे, आणि मी ज्या गाडीवर शिकलो तिनं सोसायला भरपूर दिलं. उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली जुनी बुलेट. एकच मोठा सिलिंडर. सत्तरच्या पुढं गेलं की आरशात मागचा ट्रक दिसायचा नाही, नुसता थरथरणारा रंग दिसायचा. गाडीवरून उतरल्यावर बोटं कितीतरी वेळ झिणझिणत राहायची आणि ती झिणझिण आम्ही कमाई समजायचो. अशा गाडीवर कोल्हापूरहून बंगळूर गाठणाऱ्याला आणखी कुठलं सर्टिफिकेट लागत नसे.

त्या बंगळूरच्या रस्त्यावर तर आमचा सगळा मान टांगलेला असायचा. साधारण सहाशे किलोमीटर. रात्री दोनला निघायचं, निपाणी, बेळगाव, धारवाड अंधारातच मागं टाकायचं आणि थांबायचं फक्त पेट्रोलला. कोण किती कमी वेळा थांबला याचा हिशेब पुढं महिनाभर पुरायचा. दावणगेऱ्याला लोणी डोसा उभ्यानं खायचा. घाई आहे म्हणून उभ्यानं, असं एकमेकांना सांगायचो. खरं म्हणजे बसवत नसायचं. चित्रदुर्गाच्या आसपास, जिथं डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, तिथं आडवा वारा गाडी ढकलायला लागतो. त्या वाऱ्यात दातओठ खाऊन हँडल गच्च धरायचं, यालाच आम्ही रायडिंग म्हणायचो. हँडल जितकं गच्च धरावं तितकी वाऱ्याची प्रत्येक थाप आपल्याच हातातून गाडीत उतरते आणि गाडी जास्तच डुलते, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं. गुडघ्यांनी टाकी धरून हात ढिले सोडायला मी फार उशिरा शिकलो.

गाडीच्या तयारीत मात्र आम्ही कसूर करत नव्हतो, ही यातली गंमत. निघायच्या आधीचा रविवार मेस्त्रींच्या गॅरेजात जायचा. चेनचा ताण बघायचा, ऑइल बदलायचं, प्लग घासायचा, सामानाच्या वजनाप्रमाणे मागच्या चाकात हवा वाढवायची. क्लचची नवी वायर जुन्या वायरीला लागूनच ओढून टेपनं बांधून ठेवायची, म्हणजे रस्त्यात तुटली तर टाकीला हात लावावा लागत नाही, दोन्हीकडची टोकं बदलली की गाडी चालू. ही युक्ती मेस्त्रींची. अजूनही मी ती सोडलेली नाही. आणि एवढं सगळं झाल्यावर रात्री आम्ही काय करायचो? तांबडा-पांढरा, अकरापर्यंत गप्पा, जेमतेम दोन तास डोळा आणि मग किक. गाडीची सर्व्हिसिंग व्हायची, बसणाऱ्याची नाही.

माझं मत हललं ते लेहला. म्हणजे लेहहून परत आल्यावर. तिथं असताना मी जुनाच होतो. गाड्या मिरजेहून टाक्या रिकाम्या करून, बारदानात गुंडाळून रेल्वेनं वर पाठवल्या आणि पुढं मनालीहून निघालो. अटल बोगदा तेव्हा व्हायचा होता, त्यामुळे रोहतांग चढूनच जावं लागायचं. घरी आल्यावर भाचा विचारायला लागला, ‘मामा, सरचू कसं आहे?’ मला सांगता येईना. तांदीच्या पंपावरची, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी आठवत होती. गाटा लूप्सची २१ वळणं आठवत होती, पण प्रत्येक वळणाला पाठीत डावीकडे जी कळ उठायची तेवढीच. पांगच्या पुढचं मोरे मैदान, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरच्याही वर पसरलेलं ते सपाट, जे बघायला लोक इथून तिथवर जातात, त्याचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. मीच काढलेले आहेत. त्यांतलं मला काही म्हणजे काही आठवत नाही.

उंचीवर विरळ हवेनं डोकं जड होतंच, तेव्हा मी सगळं खापर हवेवर फोडलं. पण आमच्यातला तो जेलच्या गादीवाला भाच्याला अर्धा तास सांगत बसला. मैदानात उजव्या हाताला पळणारी रानगाढवं, त्यांच्या पोटाचा पांढरा रंग, मातीचा वास, धुळीत लांबून दिसणारा लष्कराचा ताफा. हवा त्यालाही तीच होती. मी त्याच्या मागंच गाडी चालवत होतो. मला एकही गाढव दिसलं नव्हतं.

ही गोष्ट मनातून जाईना. दुखण्याचा अभिमान बाळगायला माझी हरकत नव्हती, पण ते दुखणं माझ्या वाट्याचा मुलूख खाऊन बसलं होतं. आणि जो मुलूख मला दिसला नाही, तिथं समोरून आलेला ट्रक तरी मला वेळेवर दिसत होता का? हा प्रश्न मी मुद्दाम भिडूंपुढं ठेवला नाही.

तरीही सवय अशी, की मी शोधायला गेलो ते आमच्याहून कडक लोकांना. अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन नावाची संघटना आहे. लोखंडी बूड! नावावरूनच आपली माणसं वाटली. त्यांची सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे २४ तासांत १,००० मैल, म्हणजे १,६०९ किलोमीटर, तेही पेट्रोलच्या पावत्या पुरावा म्हणून जोडून. आपल्याकडेही सुवर्ण चतुष्कोनाच्या रस्त्यांवर हे करून त्यांचं प्रमाणपत्र मिळवणारे आहेत. त्यांची मोठी स्पर्धा ११ दिवसांची, साधारण ११,००० मैलांची असते. इथं तरी सोसण्याचं गुपित हाताला लागेल, अशा आशेनं मी त्यांचे सल्ले वाचायला घेतले.

सल्ले निघाले ते असे: पुरेसं झोपून निघा. वेगाच्या मागं लागू नका. पाणी पीत राहा. निघायच्या तोंडावर गाडीला नवीन काही बसवू नका. सीट अंगाला येईल अशी करून घ्या. थांबा, म्हणजे लवकर पोचाल.

मी कागद-पेन्सिल घेऊन भागाकार केला. १,६०९ भागिले २४ म्हणजे ताशी ६७ किलोमीटर. पेट्रोल, जेवण, डुलकी, सगळं धरून. यात मर्दुमकीचा वेग कुठंच नाही. आपल्या रस्त्यांवर हे करावं का, हा निराळा प्रश्न. गळीत हंगामात मागं दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या उसानं भरून अंधारात चाललेल्या असतात, आणि तिथं २४ तासांची परीक्षा मी तरी देणार नाही. पण जगातली सर्वांत लांब बसणारी माणसं आपली सगळी अक्कल बसण्याचा त्रास कमी करण्यात खर्च करत होती, आणि त्यांच्या निम्म्याहून कमी अंतर कापणारे आम्ही तोच त्रास मिरवत होतो. खरं तर आमच्या तालमीतही वस्ताद नुसत्या जोर-बैठका काढून घेत नसत. खुराक, मालीश आणि दुपारची झोप यांवरही त्यांची नजर तेवढीच कडक असायची. लाल मातीतलं हे शहाणपण आम्ही डांबरावर आणलंच नव्हतं.

थांबण्याचा सल्ला मात्र कागदावर पटूनही अंगात उतरत नव्हता. तो उतरवला बायकोनं. हंपीला निघालो होतो, गडग-कोप्पळमार्गे पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. निघायच्या आधीच तिनं अट घातली, ‘अहो, दर तासाला दहा मिनिटं थांबायचं. मी सांगितल्यावर नाही, घड्याळ सांगेल तेव्हा.’ पहिल्या दोन थांब्यांना मी गाडीवरच बसून राहिलो, हेल्मेटही काढलं नाही. तिसऱ्याला उतरलो. होसपेटला पोचलो तेव्हा घड्याळ बघितलं, तर एकटा असताना लागला असता जवळपास तेवढाच वेळ लागला होता. कारण उघड होतं आणि इतकी वर्षं माझ्याच पाठीमागं उभं होतं. न थांबणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या तासाला नकळत ॲक्सिलेटर कमी करतो, ओव्हरटेक करायला कचरतो, आणि मग एखाद्या झाडाखाली असा आडवा होतो की पाऊण तास उठत नाही. दहा-दहा मिनिटांचे थांबे त्या एका आडवं होण्यापेक्षा स्वस्त पडतात. त्या संध्याकाळी आम्ही हेमकूट टेकडीवर चढून गेलो. पूर्वीचा मी लॉजच्या पलंगावर पालथा पडलेला असतो.

सीटकडे वळलो तो यानंतर. माझी समजूत अशी, की सीट दुखते म्हणजे कडक आहे, तेव्हा मऊ करायची. रिक्षांच्या सीटा शिवणारा एक कारागीर गाठला आणि जाडजूड मऊ फोम घाल म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ‘मऊ नको सर. मऊ बसायला बरं, उठायला वाईट.’

त्यानं गाडी मेन स्टँडवर लावायला लावली, सीटचं रेग्झिन उतरवलं आणि उघड्या फोमवर खडूची पूड भुरभुरली. मला रायडिंगची पँट घालून वर बसवलं, पाय फूटरेस्टवर, हात हँडलवर. आणि स्वतः चहा प्यायला गेला. पाच मिनिटांनी मी हाक मारली, तर लांबूनच म्हणाला, ‘हालू नका, बसा तसंच.’ पंधरा-वीस मिनिटांनी आला. ‘पहिल्या मिनिटाला समदीच सरळ बसत्यात, सर. माणूस दमल्यावर जसा बसतो, त्याचं माप घ्यायचं असतंय.’ मी खाली उतरलो तेव्हा पुडीत दोन खळगे उमटले होते, मुठीत मावतील एवढे, आणि दोन्ही मधोमध नव्हते; डावा थोडा मागं होता. म्हणजे मी वर्षानुवर्षं तिरका बसत होतो. पाठीतली ती डावीकडची कळ आठवली.

बसताना धडाचा बहुतेक भार कुल्ल्यांतल्या या दोन हाडांवर येतो. फोम फार मऊ असला की तो तासाभरात दबून तळाच्या पत्र्याला टेकतो, मग हाडं आणि पत्रा यांच्यामध्ये आपली कातडी तेवढी उरते. तिथलं रक्त अडतं, जळजळ सुरू होते, माणूस चुळबुळ करतो, पुढं सरकतो, पाठीचा कणा वाकवतो, आणि खालचं दुखणं वर कंबरेत आणि मानेत जातं. कारागिरानं यातलं काही सांगितलं नाही. त्यानं लांब पात्याचा सुरा घेतला, कंपनीच्या सीटला टाकीकडे जो उतार होता तो कापून सपाट केला, मागची बाजू रुंद केली, पुढची मांडीला घासू नये म्हणून अरुंद केली. खाली रिबॉन्डेड फोमचा घट्ट थर चिकटवला, वर बोटभर जाडीचा मऊ थर, आणि खळग्यांच्या जागी दोन उथळ वाट्या खरवडल्या. रेग्झिन शिवताना मधली शिवण काढून बाजूला नेली. ‘शिवण हाडाखाली आली की दोनशे किलोमीटरनं ती सुरी होते,’ एवढंच बोलला.

नव्या सीटवर पहिला तास मला फसवल्यासारखं वाटलं. कडक लागत होती. हुबळी आली तेव्हा लक्षात आलं, की बुडाची आठवणच झालेली नाही.

बाकीच्या गोष्टी मग आपोआप आल्या. हँडलवर हात ठेवल्यावर मनगट कोपरापासून सरळ रेषेत यावं अशा बेतानं क्लच आणि ब्रेकचे लिव्हर खाली फिरवून घेतले. एक पाना, दहा मिनिटं, खर्च शून्य. बोटांची झिणझिण निम्म्यावर आली. पाठीवरची सॅक मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधली, तर खांद्यांना काय ओझं होतं ते ते उतरल्यावर समजलं. कापडी चड्डीबद्दल सभ्य मासिकात किती लिहावं कोण जाणे, पण सुती चड्डी घाम धरून ठेवते, तिच्या कडेची शिवण काचते, आणि रायडर लोक ज्याबद्दल मिशीवर ताव देऊन गप्प बसतात त्या पुरळाचं मूळ तिथं असतं. सायकलवाले घालतात तशी बिनशिवणीची, घाम सुकवणारी चड्डी घालून पन्नाशीतला माणूस आरशासमोर उभा राहिला की फार देखणा दिसत नाही, एवढं खरं. सुदैवानं वरून पँट असते.

कानातल्या बोळ्यांवर मी सगळ्यात जास्त हसलो होतो, तेव्हा त्यांना दोन ओळी जास्त देणं आलं. ताशी शंभरच्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. कारखान्यात आठ तासांसाठी ८५ डेसिबलच्या पुढं कानाला संरक्षण द्यावं असं मानतात. आम्ही तो आवाज आठ-आठ तास ऐकून संध्याकाळी डोकं भणभणलं की ‘ऊन लागलं’ म्हणायचो. कापसाच्या बोळ्यानं फारसं काही होत नाही. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे पिळून कानात घातले, की ते आत फुगतात आणि वाऱ्याची घरघर खाली बसते. हॉर्न ऐकू येतो. उलट इंजिनचा आवाज मला पहिल्यांदाच नीट ऐकू आला, कारण त्याच्यावर वारा बसलेला नव्हता.

उन्हाचंही तसंच. मे महिन्यात सोलापूर-विजापूरकडे जाताना आम्ही जॅकेटची चेन खाली ओढून छाती उघडी टाकायचो. हवा अंगाहून जास्त तापलेली असली, की तो वारा गार करत नाही, भाजतो. घाम दिसायच्या आत उडून जातो आणि माणसाला वाटतं आपल्याला घाम येतच नाहीये. आता मी थांब्यावर टी-शर्ट नळाखाली भिजवून पिळतो, वरून जाळीचं जॅकेट घालतो आणि चेन गळ्यापर्यंत लावतो. कोरड्या हवेत पुढचा पाऊण तास माठातल्यासारखा गारवा मिळतो. कोकणात ही युक्ती चालत नाही. तिथं हवाच ओली, टी-शर्ट नुसता चिकटून बसतो. पाणी घोट घोट, आणि अधूनमधून मीठ-साखरेचं लिंबू सरबत. चहाही पितो, पण त्याची तरतरी यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात हे ध्यानात ठेवून. दुपारी दोन-तीनला डोळे जड झाले, तर चहा पिऊन लगेच पंधरा मिनिटं डोळे मिटतो. उठतो तेव्हा चहा कामाला लागलेला असतो. पहाटे दोनला निघणं बंद केलं. झोप पुरी करून पाचला निघतो, निपाणीला उजाडतं.

हे सगळं वाचून भिडू म्हणतील, गेला हा. तर तसंही नाही. आरामाच्या नावाखाली जो बाजार उघडलाय त्याच्याशी माझं अजून जमलेलं नाही. हेल्मेटमध्ये इंटरकॉम बसवून बंगळूरपर्यंत गप्पा मारत जाणं मला कळत नाही. उंच काच लावली, तर छातीवरचा वारा उठून थेट डोक्यावर आदळायला लागला. विकणाऱ्यानं परत घेतली नाही, ती आता माळ्यावर आहे. तीन-तीन पेट्या लादून, जणू घर हलवायला निघालेल्यांना बघून मी अजून हसतो, फक्त आता आवाज न करता. आणि आंबा घाटात जुलैचा पाऊस सुरू झाला की रेनकोट घालायचा मला कंटाळाच येतो. हातमोजे आणि बूट कोरडे राहतील एवढं बघतो, बाकीचा मी भिजतो. पाऊस सोसणं आणि चुकीच्या सीटवर बसून राहणं या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत, असं माझं सध्याचं मत आहे. तेही बदलू शकतं, सर्दीचं वय होत चाललंय.

सध्या वेगळंच प्रकरण उभं राहिलंय. कारागिरानं सीटचा पुढचा अर्धा भाग माझ्या हाडांच्या मापानं कापला, पण मागच्या अर्ध्या भागाबद्दल मी त्याला काही सांगितलंच नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नाही. गेल्या गोव्याच्या फेरीत बायकोनं चंदगडपाशी उतरून ते बोलून दाखवलं. शब्द मी इथं लिहीत नाही. मागं बसणाऱ्याचे पाय जास्त वर असतात, धरायला हँडल नसतं, आणि पुढचा खड्डा दिसत नसल्यामुळे धक्का बेसावध असतानाच बसतो. म्हणजे तिचं गणित माझ्याहून अवघड. कारागीर म्हणाला, ‘वहिनींना घेऊन या, बसवून माप घेऊ.’ तिनं तिथं खडूच्या पुडीवर वीस मिनिटं बसायला साफ नकार दिलाय. तिचं म्हणणं, फोम आणि पूड घरी आणा, दार लावून घेते. कारागीर दिवाळीनंतर यायला तयार आहे.